कानामागून आलेली वकील

माझी धाकटी बहीण वकील आहे. मी नाही. एवढ्या दोन वाक्यांत माझं अर्धं आयुष्य जळलं, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. जळते मी तिच्यावर. पोटात दुखतं माझ्या. लोक असं म्हणत नाहीत, "तिचा फार अभिमान वाटतो" वगैरे म्हणतात. अभिमान आहेच, कोण नाही म्हणतंय? पण अभिमान आणि जळफळाट एकाच पोटात राहतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आमचं घर मयूर विहारमध्ये. तिसरा मजला, जुनी को-ऑपरेटिव्ह सोसायटी, लिफ्ट नाही. वडील विदर्भातून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून ही सोसायटी उभी केली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, फोटोखाली पुस्तकं, आणि वडिलांचं एकच म्हणणं: आपल्या घरात एक तरी काळा कोट आला पाहिजे. तो कोट मी घालणार असं ठरलं होतं. मोठी मी, अभ्यासात बरी मी, तोंडाने फटकळही मीच. पण मी पहिल्याच फटक्यात सरकारी परीक्षा पास झाले आणि वडिलांचा सूर बदलला. "हातची नोकरी सोडायची नाही बेटा. कायदा संध्याकाळच्या वर्गात शिक." शिकले की! एक वर्ष शिकले. ऑफिस सुटून, बस बदलून मी पोचायचे तोवर मास्तर फळा पुसत असायचे. दुसऱ्या वर्षी नाव घातलं नाही.

आणि मग आली ही. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्या घरात नक्की दोन बहिणी असणार. हिला नोकरीची घाई नव्हती, घरात माझा पगार येत होता. दिवसाच्या कॉलेजात शिकली, वकील झाली, कोर्टात उभी राहायला लागली. वडिलांनी तिचा काळ्या कोटातला फोटो पाकिटात ठेवला. ऑफिसातून माझा प्रमोशनचा फोटोही आला होता, तो कपाटात आहे.

वडील गेले. धाकटी लग्न करून फरीदाबादला गेली. मी लग्न केलं नाही, का ते इथे सांगत बसत नाही. आई माझ्याजवळ राहिली. तिचं खाणं, औषधं, डॉक्टर, फिजिओथेरपीवाला, सगळं मी बघायचे. रविवारी दुपारी धाकटी यायची, दार उघडताच "आई गं!" म्हणून गळ्यात पडायची, आणि त्या दिवशी आईच्या अंगात कुठून ताकद यायची कोण जाणे, ती उठून कोथिंबिरीच्या सांबारवड्या करायची. थंडीत दिल्लीत कोथिंबीर ढिगाने मिळते. पण आठवडाभर तिला माझ्यासाठी कोथिंबीर निवडायचा कंटाळा यायचा. एवढंच नाही, धाकटीचे ते गळ्यात बांधायचे पांढरे बँड आई स्वतः स्टार्च करून इस्त्री करून ठेवायची. "वकीलसाहेबांचे कपडे कसे कडक पाहिजेत," म्हणायची. माझी साडी? माझी साडी खाली इस्त्रीवाल्याकडे जायची.

बुद्धविहारात वंदना झाली की बाहेर पायऱ्यांवर माणसं धाकटीभोवती जमायची. "ताई, एक मिनिट. घरमालक घर सोडा म्हणतो." "ताई, माझ्या भाच्याच्या सासरचे..." ती प्रत्येकाला एकच विचारायची: "काही लिहून दिलंय का? कुठे सही केलीय का?" नाही म्हटलं की म्हणायची, "चलो, अच्छा आहे. आता माझ्याशी बोलल्याशिवाय काही लिहू नका." मी बाजूला तिची पर्स धरून उभी. मंत्रालयात माझ्या हाताखाली माणसं आहेत हो! माझा ड्राफ्ट वरच्या साहेबांकडे जातो तो जसाच्या तसा परत येतो, एक शब्द बदलत नाहीत. पण पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

आता मूळ गोष्टीकडे येते. आईचे दोन्ही गुडघे गेले, आणि त्यात हृदयाचं दुखणं लागलं. ऑपरेशनला डॉक्टर तयार होईनात. जिना बंद झाला. दवाखान्यात न्यायचं तर सोसायटीचे गार्ड आणि कोपऱ्यावरचे दोन रिक्षावाले मिळून तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवायचे. आई डोळे मिटून घ्यायची आणि पदर ओढून धरायची. एकदा वळणावर एकाचा पाय घसरला. खुर्ची कलली, पडली नाही, पण त्या दिवसानंतर आई म्हणाली, "मला आता खाली नेऊ नका. मेल्यावरच न्या." आणि खरंच, नंतर ती उतरेना. डॉक्टरला वर बोलवायचं, तेही शंभर विनवण्या करून. बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून ती खाली सोडायची, ठेलेवाला त्यात भाजी टाकायचा, आणि ती वरूनच ओरडायची, "भैया, गोभी अच्छी वाली!" तो काय देणार, तळातली द्यायचा. तिला एवढंच हवं होतं, स्वतःच्या पायांनी खाली जायचं. मला दुसरं काही नको, म्हणायची, एकदा खाली जाऊ दे.

दिल्लीतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हल्ली बाहेरच्या भिंतीला चिकटून लिफ्ट बसवतात. आमच्या जिन्यातल्या वरच्या सगळ्यांनी मिळून तसा अर्ज केला. पुढाकार माझा, पण अर्ज आईच्या नावाने, कारण घर तिच्या नावावर. सोसायटीची मंजुरी आली, बाकीच्या मंजुऱ्या आल्या, ठेकेदार ठरला, अंगणात खड्डा खणायला घेतला, आणि तळमजल्याच्या आंटी दारात उभ्या राहिल्या. "लिफ्ट नहीं लगेगी. मेरी खिड़की के सामने नहीं लगेगी."

ह्या आंटी पंजाबी, वर्षानुवर्षं खाली राहणाऱ्या. आमची बोलचाल होती, लोहडीला रेवड्या यायच्या. मी खाली जाऊन भांडले. "आंटी, मेरी माँ ऊपर क़ैद है!" त्या म्हणाल्या, "तो मैं क्या करूँ?" मीही मग ठेवणीतलं काही काही बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वकिलाची नोटीस आली. आईच्या नावाने, सोसायटीच्याही नावाने. लिफ्टने उजेड-वारा बंद होईल, मालमत्तेचा उपभोग घेता येणार नाही, काम थांबवा नाहीतर कोर्टात जाऊ, असं तीन पानी.

आई म्हणाली, "धाकटीला दाखवायचं का गं?"

ह्या प्रश्नावर माझं डोकं भडकलं. सगळं मी करायचं आणि धाकटीला दाखवायचं! "एवढ्याशासाठी?" मी म्हणाले. "आई, मी जन्मभर नोटिशींना उत्तरंच लिहितेय. माझ्या टेबलावर रोज अशा येतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते काय उगाच? कागदाला कागद, विषय संपला."

आणि मी उत्तर लिहिलं. काय सुंदर लिहिलं होतं! आमच्या मंत्रालयात एक पद्धत आहे, दिल्लीत सरकारी नोकरीत असलेल्या कुठल्याही घरात विचारा. कुणाची तक्रार आली की तिला विरोध करायचा नाही. गोंजारायचं. "आपल्या हरकतीची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. आपणास होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद आहे. आपल्या हरकतींचं समाधानकारक निराकरण होईपर्यंत काम स्थगित ठेवण्यात येत आहे." असं लिहिलं की तक्रार करणारा खूश, फाइल शांत, आणि काम आपल्या गतीने चालू. इतक्या वर्षांत एकही माणूस परत आलेला मी पाहिला नाही. खाली सवयीने प्रती कुणाकुणाला पाठवल्या ते लिहिलं: सोसायटीला, सहकारी संस्थांच्या कार्यालयाला, महानगरपालिकेला, माहितीसाठी. आईची सही घेतली. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. घरी येऊन चहा केला आणि मनात म्हटलं, बघ गं वकिलीणबाई, तुझ्याशिवाय झालं.

झालं ना! असं झालं की आंटींच्या वकिलाने ते उत्तर नेऊन कोर्टात ठेवलं. माझ्या आईने स्वतःच्या सहीने कबूल केलंय की गैरसोय होते आहे. स्वतःच्या सहीने लिहून दिलंय की आंटींचं समाधान होईपर्यंत काम बंद. सोसायटीला, महापालिकेला, सगळ्यांना कळवूनसुद्धा टाकलंय. कोर्टाने स्टे दिला. ठेकेदार माणसं आणि मिक्सर घेऊन नोएडाला निघून गेला. अंगणात खड्डा तेवढा राहिला, त्याच्याभोवती गार्डाने लाल फीत बांधली.

आई बाल्कनीतून तो खड्डा बघत बसायची. मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. रविवारी धाकटी आली तेव्हा आईनेच तिला सगळं सांगितलं.

तिने माझं उत्तर वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला.

"ताई, हे तू लिहिलंस?"

"नाही, शेजारच्या मांजराने लिहिलं. मग कोण लिहिणार?"

"अगं, हे उत्तर नाहीये यार. हा कबुलीजबाब आहे. तू त्यांची केस त्यांच्या वकिलापेक्षा चांगली लिहून दिलीस."

"आमच्याकडे असंच लिहितात," मी म्हणाले.

"तुमच्याकडे सरकार लिहितं. सरकारचं काम कोण थांबवणारे? इथे आईची सही आहे." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "नोटीस आली त्या दिवशी फोन का नाही केलास? लोकांना वाटतं वकील भांडायला लागतो, कोर्टात गेल्यावर लागतो. तसं नसतं. पहिल्या कागदाला उत्तर द्यायच्या आधी लागतो. कोर्टात गेल्यावर मी काय करणार, लिहिलेलं पुसणार?"

हे ती विहाराच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगते ते मी पर्स धरून कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. मी म्हणाले, "तू रविवारची पाहुणी. तुला काय कळणार इथे आम्ही काय भोगतो?" ती चष्मा पुसत ऐकत राहिली. हाही तिचा एक धंद्यातला गुण आहे, गप्प बसते आणि समोरच्याला बोलू देते. मी दहा वाक्यं बोलले आणि दहावं वाक्य माझं मलाच ऐकवेना, तेव्हा थांबले.

मग तिने काय केलं सांगू? म्हणाली, "ताई, तू जरा बाहेर बसशील? मला आईशी एकटीशी बोलायचंय."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. ही केस आईची आहे. आई माझी क्लायंट आहे आता. क्लायंटशी बोलताना मी तिसरं माणूस ठेवत नाही."

माझ्या घरात मी तिसरं माणूस! मी ज्या घराचा मेंटेनन्स भरते, ज्या घराचे पडदे मी धुते, त्या घरातून मला उठवलं. मी आईकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, "अगं, राहू दे तिला." आई म्हणाली, "जा बाई, बस जरा जिन्यात. हवा आहे तिथे." मी जिन्यात जाऊन पायरीवर बसले. दाराआडून धाकटीचा आवाज येत होता, खाली-वर होणारा, प्रश्न विचारल्यासारखा. आईचा मात्र लांबच लांब येत होता. इतकं सलग बोलताना मी आईला वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. माझ्याशी तिचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, गीझर बंद केला का. इथे तर ती मध्येच हसलीसुद्धा. कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, हो केला, लाज कसली त्यात? पण वरच्या मजल्यावरच्यांचा कुकर लागला होता, शिट्ट्यांमध्ये शब्द हरवत होते.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय बोलली ती?"

"ते मी नाही सांगू शकत."

"मी तिची मुलगी आहे!"

"मीपण आहे," ती म्हणाली, "पण आत्ता मी तिची वकील आहे."

रडू आलं मला, रागाचं. ऑफिसात एवढी माणसं मला घाबरतात आणि घरात मला जिन्यात बसवून ठेवतात.

तिने पुढे जे केलं ते मी उलट करून बसले होते. मी थेट आंटींच्या दारात जाऊन आरडाओरडा केला होता. तिने पहिल्यांदा फोन केला तो आंटींच्या वकिलाला. "तुमच्या क्लायंटशी मला बोलायचंय, पण तुमच्यासमोरच बोलेन. वेळ द्या." तिकडून वेळ आली. आंटींच्याच बैठकीच्या खोलीत बसायचं ठरलं. जाताना मला म्हणाली, "ताई, तू यायचं असेल तर ये. पण एक शब्द बोलायचा नाही. बिल्कुल नाही." मी गेले. नाही गेले असते तर घरात भिंतींवर डोकं आपटलं असतं.

आंटींचे वकील वयस्कर होते, मफलर गुंडाळून खोकत बसलेले. आंटींचे यजमान खिडकीजवळ खुर्चीत होते. त्यांना अर्धांगवायू झाला होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. चहा आला, मठरी आली. मला वाटलं आता धाकटी कायदा काढणार, निकाल काढणार, म्हातारी माणसं, अपंगांचे हक्क, असं काहीतरी. मीही घरी कपाटातून जुनं पुस्तक काढून दोन मुद्दे तयार ठेवले होते, वेळ पडली तर. तिने काही काढलं नाही. ती आंटींकडे वळून म्हणाली, "आंटी, केस छोड़िए. आप मुझे ये बताइए, लिफ्ट लगेगी तो सबसे ज़्यादा क्या जाएगा आपका?"

आंटींनी आपल्या वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी मान हलवली, बोला.

"धूप," आंटी म्हणाल्या.

आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. थंडीत तीनच महिने त्या खिडकीसमोर, त्या एवढ्याशा तुकड्यात ऊन येतं. यजमानांना तिथे बसवायचं, तेल लावायचं. डॉक्टरांनी सांगितलंय. ते ऊन गेलं तर तळमजल्याच्या ओलीत माणूस जगणार कसा? "आपकी माँ ऊपर क़ैद है, मुझे पता है. पर ये नीचे क़ैद हैं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. त्यांचे यजमान खिडकीबाहेर बघत होते. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्यांना कळत होतं.

दिल्लीच्या थंडीतलं ऊन म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. मी स्वतः ऑफिसच्या हिरवळीवर जेवणाच्या सुट्टीत संत्री सोलत बसते. पण आंटींना हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तर मीच विचारलं असतं की! पाच वाक्यांचं काम होतं. पण मग मी जाऊन विचारलं असतं तर आंटींनी सांगितलं असतं का? मला अजूनही वाटतं, नसतं. समोर काळा कोट होता म्हणून बोलल्या.

धाकटीने तिथल्या तिथे आर्किटेक्टला फोन लावला. लिफ्ट पुढच्या बाजूवरून हलवून मागच्या बाजूला, जिथे पावसाच्या पाण्याचे पाइप उतरतात तिथे घेता येते का? येते, पण दरवाजा जिन्याच्या अर्ध्या टप्प्यावर उघडेल. म्हणजे आईला सहा-सात पायऱ्या उतराव्या लागतील. "तेवढ्या ती उतरेल, दोन्हीकडे कठडा घेऊ," धाकटी म्हणाली. हे तिने कुणाला विचारून सांगितलं? मला नाही. किती पायऱ्या उतरशील, हे आईला नक्की विचारलं असणार, त्या बंद दाराआड. मग तिने आंटींना सांगितलं, "आता मी म्हणतेय म्हणून सही करू नका. मी तुमची वकील नाही. तुमच्या वकीलसाहेबांना वाचू द्या, दोन दिवस घ्या." म्हातारे वकील पहिल्यांदाच हसले. मला म्हणाले, "आपकी छोटी बहन हैं? बहुत आगे जाएँगी." मी हसले. दात दिसतील इतकं हसले.

तडजोड लिहिली गेली, दोन्ही वकिलांनी कोर्टात दिली, स्टे उठला. ठेकेदार नोएडाहून परत आला आणि खड्डा बुजवून मागे नवा खणला. आमच्या जिन्यात धाकटीचं नाव असं काही निघालं की मी घरात शिरताना लोक मला थांबवून सांगायचे, "आपकी बहन ने तो कमाल कर दी!" एक दिवस मी आईपाशी चिडले. "अर्ज मी केला. मंजुऱ्या मी आणल्या. आंटींशी बोलायचं तेसुद्धा मी आधी बोलले. मी काय वेगळं सांगत होते?"

"तू बरोबरच सांगत होतीस गं," आई म्हणाली. "पण सोनारानेच कान टोचावे लागतात."

मी म्हणाले, "मग सोनारीणच ठेव तुझ्याजवळ. मी जाते."

आई हसली नाही. माझ्याकडून तिची नजर कपाटाकडे गेली. मला वाटलं, लागलं तिला माझं बोलणं. म्हणून मी मुद्दाम तिच्यासाठी तिच्या आवडीची बेसनाची पाटोडी केली. मसाला वाटायला मला येत नाही तितका, पण केली. ती जेवली, चांगली झाली म्हणाली.

लिफ्ट चालू झाली त्या दिवशी सोसायटीत सणासारखं होतं. कुणीतरी झेंडूची माळ लावली, कुणी लाडू आणले. धाकटी सकाळीच आली होती. सगळ्यांचं म्हणणं पडलं, फीत आईनेच कापायची. आईने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. दोन्ही कठडे धरून ती सहा-सात पायऱ्या उतरली, एकेक पायरीवर थांबत, कपाळावर घाम. मी एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. मी तिच्या कोपराखाली हात धरला होता आणि ते कोपर किती हलकं झालंय हे मला जाणवत होतं. आनंद झाला मला. खरा आनंद. त्या क्षणी मला धाकटीचाही राग नव्हता.

लिफ्टचं दार बंद झालं, आम्ही तिघी आत. आई दोन्ही हात जोडून उभी. खाली दार उघडलं तर टाळ्या. आंटींनी आईला मिठी मारली. यजमानांची खुर्ची पुढच्या अंगणात उन्हात होती. मला वाटलं, आता आई फाटकापर्यंत जाईल, भाजीच्या ठेल्यापाशी जाईल, थोडी बसेल, आणि वर जाऊन आम्ही वरण-भात खाऊ. कुकर मी लावून आले होते.

फाटकाशी धाकटीची गाडी उभी होती. तिच्या नवऱ्याने मागचं दार उघडून धरलं होतं. आत मागच्या सीटवर आईची निळी सुटकेस होती. माझ्या कपाटावरची सुटकेस, जी मला न कळता खाली आली होती. वर फुगे फुगवायला सोसायटीची मुलं आत-बाहेर करत होती, तेव्हाच कुणीतरी नेली असणार.

"हे काय?" मी म्हणाले.

"थोडे दिवस तिकडे राहते," आई म्हणाली. मला न बघता म्हणाली. "तिचं घर तळमजल्यावर आहे. पुढे जरा अंगण आहे."

"आधी कुणी सांगितलं नाही मला."

"आई सांगणार होती," धाकटी म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज कोर्टातल्यासारखा नव्हता.

लोक लाडू खात होते. कुणाचं लक्ष नव्हतं आमच्याकडे. मी आईचा हात धरला, जरा जोरातच धरला. "तिकडे तळमजला आहे ना? जायचंच होतं तर मग ही लिफ्ट कशाला हवी होती तुला? एवढी वणवण कशासाठी केली आम्ही?"

"खाली उतरायला, बाई," आई म्हणाली.

तिने हात सोडवून घेतला, हळूच, आणि गाडीत बसली. पदर सावरला. मी खिडकीपाशी वाकले. मला रडायचं नव्हतं, धाकटीसमोर तर नाहीच. मी विचारलं, "परत कधी येशील?"

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. उत्तर द्यायच्या आधी ती आपल्या वकिलाकडे बघत होती.